सगळ्यात मोठ्या रात्रीचं झाड: यूल ट्री म्हणजे काय, ते सजवतात कसं आणि ते खरंच किती जुनं आहे?

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. बोलताना जिथे अडखळले होते ते काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

[००:००]

कुणी लोकलमध्ये दाराशी उभं राहून ऐकत असेल, कुणी भांडी घासता घासता, कुणी झोप येत नाही म्हणून रात्री दीड वाजता. सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय मला सुचलेला नाही, मेसेजमधून आलाय. आपला एक श्रोता सप्टेंबरात इंग्लंडला शिकायला गेला. तो लिहितो, ‘‘ताई, माझ्या फ्लॅटमेटनं २१ डिसेंबरला तिच्या आईच्या घरी बोलावलंय. यूल ट्री सजवायला. ती म्हणाली, आम्ही ख्रिसमस नाही करत, आम्ही पेगन आहोत, आम्ही यूल करतो. मी हो म्हणालो, पण मला काहीच कळलेलं नाही. रिकाम्या हातानं जायचं का? पूजा असते का? काही भलतंच बोललो तर? आणि खरं सांगू का, इथं चार वाजता अंधार पडतो. घरी एकटं बसवत नाही, म्हणून जायचंच आहे.’’

हे शेवटचं वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला. कारण मी लीड्समध्ये दोन हिवाळे काढलेत. डिसेंबरात तिथे सव्वाआठनंतर उजाडतं आणि पावणेचारला सूर्य गायब. तोही ढग नसतील तर दिसणार. लेक्चर संपवून बाहेर यावं तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. पहिल्या वर्षी मी तीन आठवडे कुणाशी धड मराठीत बोलले नव्हते, आणि आईला व्हिडिओ कॉलवर ‘मस्त चाललंय’ म्हणत होते. मलाही अशाच एका घरी बोलावलं होतं. तिथे मी एक घोडचूक केली, ती पुढे सांगते. तर भाऊ, हा एपिसोड तुझ्यासाठी. बाकीच्यांनीही ऐका.

[०२:४०] आधी सूर्याचं गणित

२१ किंवा २२ डिसेंबर हा उत्तर गोलार्धातला सगळ्यात छोटा दिवस, हे आपण शाळेत पाठ केलंय. पृथ्वीचा आस साधारण साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्या दिवशी उत्तर ध्रुव सूर्यापासून जास्तीत जास्त लांब कललेला असतो, वगैरे. पण पाठ करणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. मुंबईत त्या दिवशीही सुमारे ११ तास उजेड असतो. म्हणजे आपल्याला फरक कळतो तो स्वेटरवरून, घड्याळावरून नाही. लीड्सला साडेसात तासही पुरे होत नाहीत. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये जेमतेम चार तास. जितकं उत्तरेला जाल तितका हा दिवस गंभीर होत जातो.

इंग्रजीतला ‘सोल्स्टिस’ हा शब्द लॅटिनमधून आलाय. अर्थ साधा आहे, सूर्य थांबणं. रोज सकाळी एकाच खिडकीतून बघितलंत तर कळेल, सूर्य उगवायची जागा रोज थोडी थोडी दक्षिणेकडे सरकते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती काही दिवस जागची हललीच नाही असं वाटतं, आणि मग उलटी, उत्तरेकडे सरकायला लागते. म्हणजेच आपलं उत्तरायण. हो, आपण उत्तरायण मकर संक्रांतीशी जोडतो, पण सूर्य प्रत्यक्षात तीनेक आठवडे आधीच वळलेला असतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे संक्रांत दर ७२ वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकत आलीय. साधारण १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होते. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं मोठा होतो असं आजी म्हणायची ना? इंग्लंडमधली माणसं तोच तीळ २२ डिसेंबरपासून मोजायला लागतात.

आणि हे मोजणं फार जुनं आहे, त्याचे दगडी पुरावे आहेत. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज नावाची ख्रिस्तपूर्व ३२०० च्या सुमाराची भलीमोठी समाधी आहे. तिच्या दारावर एक खिडकीवजा फट ठेवलीय. फक्त याच दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण त्या फटीतून सुमारे १९ मीटर लांब बोळात शिरतो आणि आतली खोली जवळपास १७ मिनिटं उजळते. १९६७ साली मायकेल ओकेली नावाच्या पुरातत्त्व अभ्यासकानं आत एकट्यानं थांबून हे पाहिलं. आता ते बघायला लॉटरी काढतात. नंबर लागला तरी ढग आले की संपलं!

[०५:५०] आता अवघड प्रश्न: हे झाड किती जुनं?

इथे मी थोडी सावकाश जाणार आहे, कारण इंटरनेटवर यावर भयंकर थापा चालतात. रील बघितलं असेल तुम्ही. ‘ख्रिसमस ट्री मुळात पेगनांचं होतं, चर्चनं चोरलं.’ वर ढोल-बासरीचं संगीत. लाखभर लाइक्स.

‘यूल’ हा शब्द खरोखर जुना आहे. नॉर्स भाषेत ‘योल’, जुन्या इंग्रजीतही त्याचा भाऊबंद. बीड नावाच्या इंग्लिश ख्रिस्ती साधूनं ७२५ साली कालगणनेवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की ख्रिस्ती होण्याआधी इथल्या लोकांच्या दोन महिन्यांचं नाव ‘गिउली’ होतं, आणि २५ डिसेंबरच्या रात्रीला ते ‘मातांची रात्र’ म्हणायचे. नॉर्वेचा दहाव्या शतकातला राजा हाकोन यानं यूलची तारीख ख्रिसमसला आणून चिकटवली, आणि प्रत्येकानं ठरावीक मापाच्या धान्याची बिअर गाळलीच पाहिजे असा हुकूम काढला, असं आइसलँडचा स्नोरी स्टुर्लुसन तेराव्या शतकात लिहितो. (हसते) असा हुकूम मोडायची कुणाची छाती होणार!

पण या सगळ्यात घरात आणून सजवलेलं झाड कुठेच नाही. मेजवानी आहे, बिअर आहे, बळी आहेत. झाड नाही.

हिवाळ्यात घरात हिरव्या फांद्या लावायची रीत मात्र युरोपात खूप जुनी. जॉन स्टो यानं १५९८ मध्ये लंडनचं वर्णन लिहिलं, त्यात घराघरांवर आणि चर्चवर चढवलेल्या आयव्ही आणि तमालवर्गातल्या फांद्या आहेत. सगळं जग उघडंबोडकं झालेलं असताना जे हिरवं राहतं ते घरात आणावंसं वाटणं, यासाठी कुठला धर्म लागत नाही. अख्खं झाड मात्र आज फ्रान्समध्ये असलेल्या आल्सास भागातून येतं. सेलेस्टा गावाच्या १५२१ च्या हिशेबवहीत, लोकांनी झाडं तोडू नयेत म्हणून वनरक्षकांना दिलेल्या चार शिलिंगांची नोंद आहे. १६०५ च्या स्ट्रासबूर्गच्या वर्णनात बैठकीच्या खोलीतल्या फरच्या झाडावर रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखर लटकवल्याचं येतं. आणि ही सगळी ख्रिस्ती घरं होती.

इंग्लंडला तर ते अजून उशिरा पोचलं. राणी शार्लटनं १८०० साली विंडसरला एक झाड सजवलं. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं आणि मग मध्यमवर्गानं ते उचललं. राजघराण्याचा फोटो व्हायरल झाला म्हणा ना.

मग आजचे पेगन कोण? मुख्यतः विसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या धार्मिक वाटा आहेत या. ब्रिटनमध्ये चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ ला रद्द झाला. १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचं पुस्तक आलं आणि विक्का हा पंथ लोकांना कळला. ड्रुइड मंडळी आहेत, जुने नॉर्स देव मानणारे आहेत. आइसलँडमध्ये अशा संघटनेला १९७३ पासून सरकारी मान्यता आहे. वर्षभरातले आठ सण ठरवून त्यांचं एक चक्र केलं गेलं, तेही याच काळात. हिवाळी सोल्स्टिसचा सण म्हणजे यूल. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या जागी ‘पेगन’ लिहिलं.

ब्रिस्टलचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी यावर आयुष्य घातलंय. १९९६ चं त्यांचं ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ या पुस्तकात ब्रिटनमधल्या वर्षभराच्या सणांचा बारीक हिशेब आहे. माझ्या ओळखीच्या पेगनांपैकी निम्म्यांच्या कपाटात ते होतं. म्हणजे त्यांनाही माहीत आहे की झाड उसनं आहे. मैत्रिणीच्या आईला मी भीत भीत विचारलं, ‘‘हे तुमच्याकडे पूर्वापार चालत आलंय का?’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘अगं, माझी आई चर्चला जायची. हे मी सुरू केलं, ८० च्या दशकात.’’ मला ते फार आवडलं. तेव्हा भाऊ, तिथे जाऊन ‘हे पाच हजार वर्षं जुनं आहे ना?’ असं कौतुकानं म्हणू नकोस, आणि ‘हे तर खोटं आहे’ असंही म्हणू नकोस. विचार, ‘तुमच्या घरी कधीपासून करता?’ त्यातून खरी गोष्ट निघते.

[११:१५] झाड कुठलं?

पटकन सांगते. विकत घेतलेलं कापीव झाड असेल तर बहुतेक नॉर्डमन फर, याची पानं लवकर गळत नाहीत. किंवा नॉर्वे स्प्रूस, याचा वास भारी पण आठवड्याभरात गालिचाभर सुया. घरी आणल्यावर बुंध्याची खालची दोन-तीन सेंटिमीटरची चकती परत कापायची आणि लगेच पाण्यात उभं करायचं. कापलेल्या जागी डिंक सुकून बसला की झाड पाणी पीत नाही. पहिल्या दिवशी एक लिटरहून जास्त सहज पितं.

कुंडीतलं मुळांसकटचं झाड असेल तर ते घरात दहा-बारा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. हीटरच्या उबेनं त्याला वसंत आला असं वाटतं, ते कोंब काढायला लागतं, आणि बाहेर ठेवलं की थंडीनं मरतं.

प्लास्टिकचं झाड बरं की खरं, हा वाद तिथे घरोघरी चालतो. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टचा हिशेब असा की दोन मीटरच्या प्लास्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन, आणि तेवढंच खरं झाड नंतर कचराडेपोत कुजलं तर १६ किलो. जाळलं किंवा भुगा केला तर त्याहून खूप कमी. म्हणजे आधीच घरात असलेलं प्लास्टिकचं झाड फेकून खरं आणण्यात शहाणपण नाही.

आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यासाठी: वाऱ्यानं पडलेली एखादी फांदी उचलून आणा, बर्चची मिळाली तर पांढरी साल सुंदर दिसते, आणि जड बरणीत खडे भरून उभी करा. पानं नसली तरी चालतं. मी दोन्ही वर्षं हेच केलं.

[१३:३०] आता सजावट. इथे जरा रमूया

या झाडावर चमकी नाही, प्लास्टिकचे गोळे नाहीत. सुटी प्लास्टिक चमकी तर युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून विकायलाच बंदी केलीय. जे काही लटकवायचं ते झाडाचं, शेतातलं किंवा स्वयंपाकघरातलं. आणि प्रत्येक गोष्ट कुठेतरी सूर्याकडे बोट दाखवते.

पहिला मान संत्र्याच्या चकत्यांचा. आडवं कापलं की मधोमध पाकळ्यांचा सूर्य दिसतो, म्हणून. साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. त्याहून पातळ केल्या तर करपतात, जाड केल्या तर आतून ओल्या राहून बुरशी धरतात. कापडानं टिपून घ्या. ओव्हन १०० अंशांवर, तीन ते चार तास, तासातासाला उलटायच्या. बाहेर काढल्यावर अजून थोड्या चिकट लागतील, त्या हीटरजवळ जाळीवर एक-दोन दिवस ठेवा. मग सुईनं दोरा ओवायचा. उजेडासमोर टांगल्या की काचेसारख्या दिसतात. घरभर जो वास सुटतो त्याचं काय सांगू! मला त्या वासानं एकदम दिवाळीच्या उटण्याची आठवण आली आणि डोळ्यांत पाणी. ओव्हनच्या वाफेवर ढकललं ते.

आपल्याकडे करून बघणार असाल तर एक सूचना. नागपुरी संत्र्याचं साल सैल असतं, चकती सुटून येते. मोसंबी घ्या. ओटीजीमध्ये छान होते.

मग दालचिनी आणि लवंग. दालचिनीच्या तीन-चार कांड्या सुतळीनं बांधल्या की झाली मोळी. इथे उलटा न्याय आहे. पातळ पापुद्र्यांची सिलोन दालचिनी खायला चांगली, पण बांधताना चुरते. जाड सालीची स्वस्त कॅशियाच हवी. अख्ख्या संत्र्यात लवंगा खोचून त्याचा गोळा करतात. आधी टूथपिकनं भोक पाडा, नाहीतर शंभर लवंगांनंतर अंगठा कामातून जातो.

आता पाइनकोन. हे रस्त्यावर फुकट मिळतात. पण थेट झाडावर टांगू नका, आत किडे असतात. १०० अंशांवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवले की किडे मरतात आणि मिटलेला कोन उमलतो. लक्ष मात्र ठेवा, राळ पेट घेऊ शकते. तो उमलतो कसा, हे भारी आहे. कोनच्या प्रत्येक खवल्यात दोन थर असतात, आणि ओल लागली की एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे खवला आत वळून मिटतो. वाळलं की परत उघडतो. झाडाचा डाव असा की बी कोरड्या हवेतच उडावं, पावसात तिथेच पडू नये. कोन मेलेला असला तरी हे चालूच राहतं. म्हणजे तुमच्या झाडावरचा पाइनकोन खोलीतली दमट हवा दाखवणारं यंत्र असतो. कोकणात किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली बारके काटेरी गोळे पडतात ना? तेही कोनसारखेच दिसतात, दोऱ्यात गुंफले की छान माळ होते.

मिठाच्या कणकेचे आकार हा मुलांचा आवडता भाग. दोन कप मैदा, एक कप मीठ, पाऊण कप पाणी. पोळीसारखं लाटायचं, पण जाडसर. सूर्य, चंद्र, पानं, हरणं कापायची, स्ट्रॉनं वर भोक पाडायचं, आणि १०० अंशांवर तीनेक तास. इथे कान द्या: घरात कुत्रं असेल तर हे खालच्या फांद्यांवर अजिबात लावू नका. एवढं मीठ कुत्र्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

गवताचे तारे आणि बोकड हे स्वीडनकडचं. यूलचा बोकड, गव्हाच्या काडांचा, लाल फितीनं बांधलेला. झाडाला बोटभर लांबीचा लावतात. पण गेव्हले नावाच्या शहरात १९६६ पासून दरवर्षी चौकात १३ मीटर उंच बोकड उभा करतात, आणि जवळपास तितक्याच निष्ठेनं कुणीतरी तो जाळायला बघतं! पहिल्याच वर्षी ३१ डिसेंबरला जळाला. २०२३ मध्ये मात्र आग नाही, कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांनी हल्ला केला. त्या वर्षीच्या काडात दाणे राहिले होते, त्यांनी बोकड खाऊन टाकला.

दिव्यांचं बोलू. जुन्या चित्रांत झाडावर खऱ्या मेणबत्त्या दिसतात. सुकत चाललेलं, राळेनं भरलेलं झाड आणि ज्योत, पुढचं सांगायला नको. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरात ८० विजेचे दिवे झाडाला लावले. आज पिवळसर एलईडीची माळ लावा आणि खऱ्या मेणबत्त्या झाडापासून लांब, टेबलावर.

[१९:२०] माझी चूक

तर. मला सांगितलं होतं, येताना रानातलं काहीतरी घेऊन ये. मी हौसेनं शेजारच्या जुन्या चर्चच्या आवारात गेले. काळपट हिरवं झाड, सुयांसारखी पानं, त्यावर लालचुटुक मऊ फळं. मला वाटलं, हेच ते हॉली असणार. खाली पडलेल्या तीन फांद्या पिशवीत भरल्या आणि ऐटीत त्यांच्या दारात उभी राहिले.

मैत्रिणीच्या आईनं पिशवीत डोकावलं आणि त्यांचा चेहराच बदलला. घरात दीड वर्षाचा नातू रांगत होता. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली, थेट बाहेर नेऊन ठेवली, आणि म्हणाल्या, ‘‘आधी हात धू, साबणानं. मग सांगते.’’

ते यू नावाचं झाड होतं. ब्रिटनमधल्या चर्चच्या आवारांत शेकडो वर्षांची यूची झाडं असतात. त्याच्या फळाचा लाल गर सोडला तर बाकी सगळं विषारी. पानं, साल, आणि त्या लाल गराच्या आतली बी. ते विष थेट हृदयावर काम करतं. लाल, मऊ, जमिनीवर सांडणारं फळ आणि सगळं तोंडात घालणारं मूल. मला दरदरून घाम फुटला. गंमत म्हणजे राणी शार्लटनं १८०० साली सजवलेलं ते झाड, ते यूच होतं.

हॉली ओळखायची खूण: रुंद, चकचकीत, काटेरी कडांची पानं. फळं फक्त मादी झाडाला. खायची तीही नाहीतच, आणि आयव्हीचीही नाहीत. मिसलटो तर सगळ्यात मजेशीर. पांढऱ्या मण्यांसारखी फळं, त्याखाली चुंबन घ्यायची पद्धत, वगैरे रोमँटिक प्रकरण. ड्रुइड लोक ओकवरचं मिसलटो सोन्याच्या कोयत्यानं कापायचे असं प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय. आणि हे मिसलटो म्हणजे काय? बांडगूळ! आपल्याकडे आंब्यावर वाढतं त्याच्याच नात्यातलं. आपण ज्या शब्दानं फुकट्या माणसाला शिवी देतो त्याखाली हे लोक प्रेम व्यक्त करतात. फळं मात्र विषारी, मुलांपासून आणि मांजरांपासून लांब, उंच टांगायचं.

तेव्हा नियम एकच. ज्याचं नाव छातीठोकपणे सांगता येत नाही ते घरात आणायचं नाही.

आणि तोडायचं किती? इंग्लंडच्या कायद्यात रानातली पानं-फळं स्वतःपुरती, विकायची नसतील तर, घेतली तर ती सहसा चोरी धरत नाहीत. पण जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रोप मुळासकट उपटणं गुन्हा आहे, आणि संरक्षित जागांचे नियम आणखी कडक. अमेरिकेत राहणाऱ्यांनो, पिसं उचलू नका. तिथे १९१८ च्या कायद्यानं बहुतेक देशी पक्ष्यांचं पडलेलं पीसही जवळ बाळगता येत नाही. लाल फळं ओरबाडू नका, जानेवारीत पक्ष्यांना तीच असतात. दसऱ्याला आपण आपट्याचं काय करतो ते आठवा, आणि त्यातही निम्म्या वेळा हातात कांचन असतो.

[२३:५०] बाहेरचं झाड आणि ती संध्याकाळ

बऱ्याच घरांत अंगणातलं एखादं झाड पक्ष्यांसाठी सजवतात. पाइनकोनच्या खवल्यांत बिनमिठाची चरबी किंवा बिनमिठाचं पीनट बटर भरायचं, ते दाण्यांत घोळवायचं आणि दोऱ्यानं टांगायचं. सफरचंदाच्या चकत्या चालतात. प्लास्टिकच्या जाळीच्या पिशव्या नकोत, पक्ष्यांचे पाय अडकतात. बेदाणे टाळा, कुत्र्यांना ते बाधतात. एकदा सुरू केलंत तर थंडी संपेपर्यंत चालू ठेवा.

आता भाऊ, तुझा मूळ प्रश्न. तिथे काय होईल? घराघराचं वेगळं असतं, मी माझ्यापुरतं सांगते. दुपारी सगळ्यांनी मिळून झाड सजवलं. ओक राजा आणि हॉली राजाची गोष्ट सांगितली गेली, वर्षातून दोनदा लढतात आणि या दिवशी ओक राजा जिंकतो. (आज सांगतात त्या रूपात ही गोष्ट पसरली ती रॉबर्ट ग्रेव्हज या कवीच्या १९४८ च्या पुस्तकानंतर.) अंधार पडल्यावर घरातले सगळे दिवे बंद केले. फ्रिजचा दिवा दिसू नये म्हणून तोही उघडायचा नाही! दहा मिनिटं सगळे अंधारात गप्प. मग घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या हातून, म्हणजे आजीनं हात धरलेल्या त्या नातवाच्या हातून, एक मेणबत्ती लागली. तिच्यावरून बाकीच्यांच्या. प्रत्येकानं सरत्या वर्षातली एक गोष्ट सांगितली, जी इथेच सोडायची आहे. सांगायची नसेल तर नुसतं ‘पुढे’ म्हणायचं. मी ‘पुढे’ म्हणणार होते. पण सांगितलं की मी घरी रोज खोटं बोलते. मग जेवण. माझ्यासाठी त्यांनी बटाट्याचं काहीतरी वेगळं केलं होतं.

तिथे काही मागितलं नाही, कुणी काही मानायला लावलं नाही. न पटणारं काही असेल तर शांत बसून बघ, तेवढं पुरतं. ‘तुम्ही चेटूक करता का?’ असं विचारू नकोस. भेटल्यावर ‘हॅपी यूल’ म्हण. हातात काही न्यायचं असेल तर दालचिनीची मोळी कर, अर्ध्या तासात होते. आणि मांसाहार, दारू याबद्दल तुझं जे काही असेल ते फ्लॅटमेटला दोन दिवस आधी सांग, ताटावर बसून नाही.

झाड कधी उतरवायचं यावर एकमत नाही. कुणी १ जानेवारीला, कुणी ५-६ जानेवारीपर्यंत ठेवतं. नगरपालिका भुगा करायला घेऊन जाते. काही जण बुंध्याचा हातभर तुकडा कापून वाळायला ठेवतात आणि पुढच्या वर्षी यूलच्या रात्री तो आधी पेटवतात.

मी निघताना त्यांनी मला संत्र्याच्या सहा चकत्या डब्यात घालून दिल्या होत्या. त्या मी पुढे मुंबईला आणल्या, खिडकीत टांगल्या, फार मिरवल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांवर हिरवी बुरशी. आता दरवर्षी डिसेंबरात मोसंबीच्या नव्या करते आणि मे संपायच्या आत उतरवते.

भाऊ, जाऊन आलास की व्हॉइस नोट पाठव, पुढच्या एपिसोडमध्ये लावूया. यूच्या फांद्या नेऊ नकोस. चला, भेटू पुढच्या गुरुवारी!